गरज कोणती, साधन कोणते?



सोयाबीनचे पैसे हाती आले की घरोघर एकच खल सुरू होतो. म्हाताऱ्यांना गळके पत्रे बदलायचे असतात, धाकट्याला मोटारसायकल हवी असते, मुलीचे लग्न तोंडावर असते. घरच्या बाईने शिलाई मशीनचे नाव काढले, तर "पुढच्या साली बघू" म्हणून तिला गप्प करतात. खोटे कोणीच बोलत नाही, तरी भांडण होते. ते का?

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. तळाशी अन्न, पाणी, झोप. त्यावर सुरक्षितता, मग माया नि आपलेपणा, मग मान आणि सर्वांत वर अंगच्या गुणांना वाव. खालचे मडके बरेचसे भरले की माणसाचे लक्ष वरच्याकडे जाते. मात्र हा क्रम काटेकोर नाही, हेही त्यानेच सांगून ठेवले. पेरणीची धांदल मागे ठेवून पंढरीची वाट धरणारा वारकरी आपण दरसाल पाहतोच.

चिली देशाचे अर्थतज्ज्ञ मॅनफ्रेड मॅक्स-नीफ यांनी १९८६ साली निराळा विचार मांडला. त्यांनी नऊ गरजा सांगितल्या: निर्वाह, संरक्षण, माया, समज, सहभाग, विसावा, निर्मिती, ओळख आणि स्वातंत्र्य. या गरजा सगळीकडे त्याच. बदलतात ती साधने. भाकरी हे साधन, निर्वाह ही गरज. एखादे साधन अनेक गरजा भागवते. आई बाळाला अंगावर पाजते, तेव्हा पोट भरते आणि मायाही मिळते. उलट एखादे साधन एक गरज भागवताना दुसरीच्या मुळावर येते.

आता घरातला खल पुन्हा पाहा. कर्ज काढून थाटाचे लग्न केले, तर चार दिवस मान मिळतो, पण व्याजापायी वर्षानुवर्षांची सुरक्षितता जाते. मानाची गरज खरीच आहे; मोठा मांडव हे तिचे एक साधन, एकमेव नव्हे. मशीनने मात्र चार पैसे येतात, हातची कला वाढते आणि घरातल्या शब्दाला वजन येते.

एका संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने आपली मागणी सांगावी. घरातल्या शिकत्या पोराने ती वहीत लिहावी आणि पुढे "हे कशासाठी?" एवढेच विचारावे. गाडी कशासाठी? कॉलेजला वेळेवर पोहोचण्यासाठी, की मित्रांत मान राहावा म्हणून? उत्तर मिळाले की दुसरे, स्वस्त साधन सुचते का ते पाहावे. शेवटी एक ओळ सर्वांच्या मते लिहावी: काहीही झाले तरी आपण काय मोडणार नाही? कोणी लिहील जमीन, कोणी मुलीचे शिक्षण. तीच त्या घराची मूल्ये.

सुनेला आणि म्हातारीला आधी बोलू द्या. त्यांच्या गरजा बहुधा वहीत येतच नाहीत.