यादीतील वधू

‘वधू पाहिजे : गोरी, उंच, सडपातळ.’ माणूस भेटण्यापूर्वीच येथे निकाल लागलेला असतो. आवडीनिवडी गृहीत धरून पुढे जावे, ही आमच्या अर्थशास्त्राची रीत. वर्गात मीही तसेच शिकवितो. परंतु ही आवड उपजत म्हणावी काय? गोरेपणाची ओढ जुनी खरी. तिची बाजारपेठ मात्र घडविली गेली. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ तेवढे गाळले. त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’ने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. पाहणाऱ्याची नजर त्यामुळे बदलली, असे नव्हे.

वाशीमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात उन्हात निंदण करणाऱ्या मुलीचा वर्ण रापणारच. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, अशी ओरड येथे आहे. आणि छायाचित्र पाहूनच सावळ्या मुलीचे स्थळ परतविणारी घरेही येथेच आहेत. (सावळ्या विठ्ठलासाठी आषाढीस पंढरी गाठणारी!) प्रेमविवाहाच्या गोष्टी करणारा विद्यार्थीही हीच यादी बाळगतो, तिला तो स्वतःची पसंती म्हणतो, इतकेच. आकर्षण हुकमाने उपजत नाही, हे मान्य. पण यादीबाहेरच्या किती मुलींशी कधी मोकळेपणी बोललास, असे विचारले की तो गप्प होतो.