परदेशी शाळेत शिकवायचे, तर तयारी नागपुरातच

इतवारी, गांधीबाग, लकडगंज या भागांतील व्यापारी घराण्यांत मुलीच्या परिचयपत्रावर ‘बी.कॉम., बी.एड.’ अशी नोंद आता नवलाची राहिलेली नाही. पदवीनंतर विवाह ठरेपर्यंतचा काळ सार्थकी लागावा म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतला जातो, एखाद्या शाळेत वर्ष-दोन वर्षे अध्यापन होते आणि लग्नानंतर ते प्रमाणपत्र कपाटात जाते. पुढे जावयाची नोकरी लंडनला, टोरांटोला किंवा न्यू जर्सीला लागली की ते पुन्हा बाहेर निघते. जे कागद नागपुरात असताना चार फेऱ्यांत हाती आले असते, त्यांच्यासाठी तेव्हा सातासमुद्रापलीकडून महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

बहुतेक पाश्चात्त्य देशांत सरकारी शाळेतील शिक्षकाला पदवीबरोबर परवानाही लागतो. वकिलाला सनद असते, डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो, तसेच तेथे शिक्षकाचे आहे. भारतात राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई, अध्यापक महाविद्यालयांना आणि त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. वकिलांप्रमाणे प्रत्येक शिक्षकाचे नाव नोंदवून त्याला सनद देत नाही. त्यामुळे परदेशातील अधिकारी जेव्हा विचारतो की, ‘आपल्या देशात आपली नोंदणी कोणाकडे आहे?’, तेव्हा भारतीय शिक्षिकेजवळ एका ओळीचे उत्तर नसते. तिला आपली पात्रता कागदांच्या साखळीनेच सिद्ध करावी लागते.

इंग्लंडचे उदाहरण व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. तेथील पूर्ण पात्र शिक्षकाच्या दर्जाला ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’, संक्षेपाने क्यूटीएस म्हणतात. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनाही या दर्जासाठी थेट अर्ज करण्याची वाट खुली झाली. पदवी, पदवीच्याच पातळीचे अध्यापन-प्रशिक्षण, किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीचे पुरेसे ज्ञान, एवढे वाचून अनेकींना हायसे वाटते. परंतु भारतीय अर्जदारांसाठी आणखी एक अट घातली गेली: अर्जदार ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्यास पात्र असावा. वाणिज्य आणि अर्थशास्त्र या अध्यापन पद्धती घेऊन बी.एड. झालेली बी.कॉम. पदवीधर या दारातून आत जाऊ शकत नाही. व्यापाऱ्याच्या घरात बी.कॉम. जवळजवळ वारसाहक्कानेच येते, म्हणून ही अट आपल्या समाजातील मुलींना इतरांपेक्षा अधिक जाचते. बारावीनंतर डी.एड. केलेल्यांचीही तीच अडचण. ती पदविका येथील प्राथमिक शाळेसाठी चालते, पण पदवीच्या पातळीची मानली जात नाही. शाखा निवडताना मुलीला गणिताची आवड असेल, तर केवळ दुकानाचा हिशेब जमावा म्हणून तिला वाणिज्याकडे वळवू नये. कपाटातल्या प्रमाणपत्राचे भवितव्य पुष्कळदा अकरावीच्या प्रवेश अर्जावरच ठरून गेलेले असते.

क्यूटीएस नाही म्हणून इंग्लंडातील सर्वच शाळा बंद होतात असे नाही. परदेशात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकाला तेथील सरकारी अनुदानाच्या शाळांत चार वर्षांपर्यंत या दर्जाविना काम करता येते, आणि खाजगी शाळांना तो कायद्याने बंधनकारक नाही. मात्र नेमणूक देणे न देणे शाळेच्या हाती असते, आणि वेतनही पात्र शिक्षकाच्या श्रेणीतले मिळेलच असे नाही.

ऑस्ट्रेलियाची मोजपट्टी वेगळी आहे. कुशल स्थलांतराच्या व्हिसासाठी शिक्षकांची छाननी एआयटीएसएल ही संस्था करते. उच्च शिक्षणाची एकूण चार वर्षे, त्यांत अध्यापन-प्रशिक्षण आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष वर्गात शिकवल्याचे किमान ४५ दिवस, अशी तिची मागणी असते. आयईएलटीएस परीक्षेत वाचन व लेखनात ७ आणि श्रवण व संभाषणात ८ गुण लागतात. हा ८ चा आकडा भल्याभल्यांना अडवतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी निबंध सुंदर लिहिते, पण घरात मारवाडी, बाजारात हिंदी आणि शेजारी मराठी बोलत वाढल्यामुळे इंग्रजीत सलग पंधरा मिनिटे बोलण्याचा प्रसंगच तिच्यावर आलेला नसतो.

४५ दिवसांच्या अटीत आणखी एक मेख आहे. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतील प्रत्यक्ष कामाचे एकूण वीस आठवडे आले. त्यापूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते. त्या काळच्या नोंदींत सराव पाठांची संख्या सापडते, पण किती दिवस शाळेत घालवले ते लिहिलेले सापडेलच असे नाही. अशा शिक्षिकेने आपल्या महाविद्यालयातून शाळेचे नाव, तारखा आणि दिवस यांचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र वेळीच घ्यावे. तिला शिकवणारे प्राध्यापक अद्याप सेवेत आहेत, तोवरच हे सोपे.

कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय. ऑन्टारिओत सप्टेंबर २०१५ पासून शिक्षक-प्रशिक्षण चार सत्रांचे झाले आहे. एका वर्षाच्या जुन्या पदवीवर तेथे अधिक अभ्यासक्रमांची अट येऊ शकते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा, आणि भारतीय पदवीचे विषयवार मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे लागते. तेथे खरी फसगत होते ती परवाना आणि व्हिसा यांची गल्लत केल्याने. एच-१बी व्हिसावरील पतीसोबत एच-४ वर गेलेल्या पत्नीजवळ राज्याचा परवाना असला, तरी काम करण्याची स्वतंत्र अनुमती नसेल तर ती शाळेत नोकरी करू शकत नाही. ही अनुमती मे २०१५ पासून काही पत्नींना मिळू लागली, पण ती पतीच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोहोचल्यावरच. स्वतःच्या बळावर जाऊ इच्छिणाऱ्या शिक्षिकेसाठी जे-१ हा विनिमय व्हिसा आहे. त्याला किमान दोन वर्षांचा अध्यापन-अनुभव लागतो, आणि त्याची मूळ मुदत तीन वर्षांपर्यंत असते.

दुबई-अबुधाबीकडील सीबीएसई शाळांत भारतीय बी.एड.ला ओळख आहे. तेथे खरे काम पदवीच्या साक्षांकनाचे. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल करारात नसल्याने राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशी मोहरांची रांग पूर्ण करावी लागते.

यानंतर राहतो तो नागपूरचाच हिशेब. पदवी ज्या विद्यापीठाने दिली, गुणपत्रकांची अधिकृत प्रतही तेथूनच मागावी लागते, आणि कित्येक परदेशी परिषदा ती विद्यापीठाकडून मोहोरबंद लिफाफ्यातच स्वीकारतात. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या नावाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव जोडले गेले, म्हणून एकाच घरातील सासू-सुनेच्या पदव्यांवर विद्यापीठाची नावे वेगळी दिसतात. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. चंद्रपुरात त्यापूर्वी पदवी घेतलेल्या मुलीचे कागद मात्र नागपुरातच आहेत. विद्यापीठात जायचेच आहे, तर शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते असे पत्रही त्याच फेरीत घ्यावे. इंग्लंडसाठी ते भाषेच्या परीक्षेऐवजी चालू शकते.

नावाचा प्रश्न तर आपल्याकडे घरोघरी आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. काही घरांत लग्नात मुलीचे स्वतःचे नावही बदलते. परदेशी लिपिकाला या तीन निरनिराळ्या स्त्रिया वाटतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, हे दोन कागद असतील तर ही साखळी जुळते. केवळ लग्नपत्रिका दाखवून भागत नाही.

आणि शेवटी अनुभव. जो व्यापारी कच्च्या बिलावर माल घेत नाही, तोच आपल्या सुनेला नेमणूकपत्राशिवाय, रोख मानधनावर शाळेत शिकवू देतो, कारण ‘घराजवळ आहे आणि वेळ सोयीची आहे’. तिने तीन वर्षे जीव ओतून शिकवलेले असते, पण कागदावर ती वर्षे घडलेलीच नसतात. नेमणूकपत्र, बँकेत जमा होणारे वेतन, शिकवलेले विषय व इयत्ता नमूद असलेले अनुभवपत्र आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरून उत्तर देईल असा मुख्याध्यापक, एवढे असले तर त्याच तीन वर्षांना इंग्लंडात आणि अमेरिकेत मोल येते. शाळा सोडून काही वर्षे लोटली असली, तरी तिच्या हजेरीपटात आणि वेतनपटात नाव असेल तर मुख्याध्यापक आजही तसे पत्र देऊ शकतात. उन्हाळी सुट्टीत शाळेचे कार्यालय मोकळे असते; हे काम तेव्हा करावे.