न मागवलेले अपडेट
वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या घरी परवा ई-मेल आला : 'तुमचा संगणक धोक्यात आहे. सोबतचे अपडेट ताबडतोब बसवा.' धाकट्याचे बोट बटणावर गेलेच होते. अम्मींनी विचारले, "आपण मागवलं होतं का?" तिथेच आम्ही थांबलो.

ही युक्ती जुनी. सप्टेंबर २००३ मध्ये 'स्वेन' व्हायरस मायक्रोसॉफ्टच्या नावाने असाच पसरला. सुरक्षेच्या नावाखाली तो अँटिव्हायरसच बंद पाडायचा. मायक्रोसॉफ्ट ई-मेलला जोडून अपडेट पाठवत नाही. अपडेट नेहमी सेटिंग्जमध्ये जाऊनच तपासावे.

चुकून फाइल उघडलीच तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. मुलांनी चूक लपवू नये, आणि आपण मोठ्यांनी आधी रागावू नये. भीतीपोटी गेलेला तासच महागात पडतो.