धूर झोपलेल्याला उठवत नाही

30 ऑगस्ट 2023 ला पिंपरी-चिंचवडमधील चिखली, 3 एप्रिल 2024 ला छत्रपती संभाजीनगरची छावणी आणि 6 ऑक्टोबर 2024 ला चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी. तीन शहरांतल्या तीन आगी, आणि त्यात गेलेली 18 माणसे. चिखलीत हार्डवेअरचे दुकान होते, छावणीत टेलरिंगचे, चेंबूरलाही आगीची सुरुवात तळमजल्यावरच्या दुकानातच झाली. तिन्ही ठिकाणी पोटापाण्याचा धंदा आणि झोपायची जागा एकाच छताखाली होती. तिन्ही आगी लागल्या त्या ऐन साखरझोपेच्या वेळी. छावणीत तर ज्वाळा वरपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. वर झोपलेली माणसे धुराने गुदमरून गेली.

जळल्याचा वास आला की जाग येईलच, हा भरवसा घरोघरी असतो आणि तो खोटा आहे. गाढ झोपेत नाक राखण करत नाही. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू ना दिसतो ना जाणवतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपेतला माणूस जागा होण्याऐवजी बेशुद्धीत ओढला जातो. खाली कापडाचे तागे, फोम, रंगाचे डबे धुमसत असले, की वरच्या खोलीकडे जाणाऱ्या एकुलत्या एका जिन्याचे काही मिनिटांत धुराडे होते. उतरायची वाट तीच आणि धुराची वर चढायची वाटही तीच.

म्हणून झोपलेल्या माणसाला हवा तो आवाज. छताला लावायचा बॅटरीवरचा स्मोक अलार्म हे काम करतो. तळहाताएवढी पांढरी डबी असते ती. आत धूर शिरला की कानठळ्या बसतील असा टाहो फोडते. साधारण दीड-दोन हजार रुपयांत ती मिळते आणि लावायला दोन स्क्रू पुरतात. दुकानाचे शटर, काचेचे कपाट, दर्शनी पाटी यांवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही. तरीही खाली दुकान आणि वर घर असलेल्या किती ठिकाणी ही डबी दिसते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाही.

मोठ्या इमारतींची गोष्ट वेगळी आणि एका अर्थाने अधिक संताप आणणारी. तिथे यंत्रणा असते, पण ती बंद असते. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये 22 ऑगस्ट 2018 रोजी चार जण दगावले, ताडदेवच्या सचिनम हाइट्समध्ये 22 जानेवारी 2022 रोजी त्याहून अधिक. दोन्ही वेळा इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू नसल्याचे नंतर समोर आले. कायदा नव्हता असे म्हणायलाही जागा नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत देण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. सोसायटीत हा कागद कमिटीच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. प्रत्यक्षात मात्र हूटर एकदा उगाच वाजला म्हणून वॉचमनने पॅनेल सायलेन्सवर टाकलेले असते, पंपाचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर असतो आणि होजच्या पेटीत जुने झाडू असतात. फॉर्म बीची प्रत नोटीस बोर्डावर लावा, असे सर्वसाधारण सभेत एका सभासदाने जरी लावून धरले, तरी सेक्रेटरीला एजन्सीच्या माणसाला घेऊन गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढावे लागेल.

अलार्म लावला म्हणजे झाले, असेही नाही. अमेरिकेची नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे की दर महिन्याला बटण दाबून अलार्म वाजवून बघा आणि दहा वर्षांनी तो बदलून टाका. तिथल्या घरगुती आगींत जाणाऱ्या दर पाच बळींपैकी जवळपास तीन अशा घरांतले असतात, जिथे अलार्म नव्हता किंवा असून वाजला नाही. न वाजण्याचे नेहमीचे कारण म्हणजे काढून ठेवलेली किंवा संपलेली बॅटरी. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. लाल मिरचीची फोडणी दिली की अलार्म ओरडतो. त्यावर उपाय बॅटरी काढणे हा नव्हे. डबी स्वयंपाकघराच्या दारापासून दूर, झोपायच्या खोलीच्या बाहेर लावावी. इकडच्या घरांत धूप-उदबत्तीचे देवघरही तिच्यापासून लांब असावे.

चाचणीही खरी हवी. दुपारी हॉलमध्ये उभे राहून बटण दाबले तर आवाज येणारच. चाचणी रात्रीची करावी. सगळी दारे लावलेली, पंखा पाचवर, एसी चालू, आजी नेहमीच्या खोलीत कानातले यंत्र काढून झोपलेली. मग एकाने बटण दाबायचे आणि कोणाला ऐकू आले ते विचारायचे. असे अलार्म दहा फुटांवर साधारण 85 डेसिबलचा आवाज देतात, पण बंद दारापलीकडे तो बराच मंदावतो. शिवाय बहुतेकांचा सूर उंच पट्टीचा असतो आणि वय झालेल्या कानांना नेमका तोच आधी ऐकू येईनासा होतो. लहान मुले तर अशा आवाजातही झोपून राहतात, हे संशोधनात पुन:पुन्हा दिसले आहे. म्हणजे मुलांना कोण उठवणार आणि आजीचा हात कोण धरणार, हे आधीच नावानिशी ठरलेले हवे.

इथेच घरातला खरा प्रश्न पुढे येतो तो ग्रिलचा. चोराच्या भीतीने खिडकी-बाल्कनीला लोखंडी पिंजरा बसतो, त्याला कुलूप लागते आणि किल्ली कपाटाच्या कुठल्यातरी खणात जाते. ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा हवा आणि किल्ली अंधारात हात घातला तरी सापडेल अशा खिळ्यावर, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा अंतरावर. रात्री शटर आतून कुलूपबंद करून दुकानातच झोपणाऱ्या कुटुंबांनी तर दुसरी वाट पाडल्याशिवाय तिथे झोपूच नये, इतके स्पष्ट बोलायची वेळ आली आहे. इमारतीत राहणाऱ्यांनी बाहेर पडताना दार ओढून घ्यावे, लिफ्टचे नाव काढू नये, 101 वर फोन खाली उतरल्यावर करावा. गॅसचा वास आला तर मात्र दिव्याच्या बटणाला हातच लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर येऊन 1906 ला कळवायचे.

तयारीने काय साधते, हे क्रिस्टल टॉवरनेच दाखवले. त्या धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना सुती कापड ओले करून नाकातोंडावर धरायला सांगितले. शाळेतल्या प्रकल्पात ती ते शिकली होती. ओले कापड काजळी अडवते, विषारी वायू अडवत नाही, पण घाबरलेली माणसे एका जागी शांत राहिली आणि मदत येईपर्यंत तग धरू शकली. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळांत आणि कार्यालयांत प्रात्यक्षिके होतात, ती व्हायलाच हवीत. पण चिखली, छावणी आणि सिद्धार्थ कॉलनीसारख्या गल्ल्यांत त्या आठवड्यात कोण जाते? कोणत्या मिळकतीत खाली व्यापारी आणि वर निवासी वापर आहे, याची नोंद महापालिकांच्या मालमत्ता कर विभागाकडे आधीपासून आहे, कारण दोन्हींचे दर वेगळे आहेत. ती यादी अग्निशमन केंद्रांना द्यावी. जवानांनी प्रत्येक घरी दहा मिनिटे जाऊन जिना, शटर आणि ग्रिल पाहावे, अलार्म छताला कुठे लावायचा तिथे खडूने खूण करावी. ज्याला तो परवडत नाही त्याला महापालिकेने तो विकत घेऊन द्यावा आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच घरी जाऊन बटण दाबून बघावे.