डोक्यात जाणारं त्रिकूट

पार्टीत कुणी ‘तुझा फेव्हरेट डिरेक्टर कोण?’ असं विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असायचं. डेव्हिड लिंच! समोरचा ‘वॉव’ म्हणायचा, मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. फंडा सोपा होता. त्याने लिंच पाहिलेला नसायचा आणि मला तो कळलेला नसायचा. दोघांचीही इज्जत शाबूत!

‘कल्ट’ म्हटलं की आपलं हे असंच होतं. सिनेमा बघण्यापेक्षा तो बघितलाय हे सांगण्यातच जास्त मजा. टी-शर्टवर छापून मिरवायची गोष्ट. माझंही असंच मस्त चाललं होतं. पण गेल्या फेब्रुवारीत एक वीकएंड असा आला, की माझे फंडे एकदम क्लिअर झाले.

झालं असं, की कॉलेजपासूनच्या माझ्या एका मित्राला हिंजवडीतल्या एका कंपनीने घरी बसवलं. दहाला मीटिंग, अकराला लॅपटॉप जमा, खेळ खल्लास. घरी सांगायची त्याची हिंमत होईना. शुक्रवारी रात्री सॅक पाठीला लावून स्वारी माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर हजर. ‘काही विचारू नकोस. काहीतरी लाव,’ एवढंच म्हणाला. मग मी माझं खास कलेक्शन बाहेर काढलं. तीन रात्री, तीन अवलिये!

शुक्रवार : लिंच

पहिल्या रात्री अर्थातच ‘मलहॉलंड ड्राइव्ह’. 2001चा सिनेमा. खरं तर ही एका टीव्ही मालिकेची सुरुवात होती. एबीसी चॅनेलने ती नाकारली, मग फ्रान्समधून पैसे आले आणि लिंचने त्याच तुकड्यांचा सिनेमा केला. कानमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं बक्षीस मिळालं (जोएल कोएनसोबत विभागून). 2016मध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांना विचारलं, तेव्हा एकविसाव्या शतकातला सर्वोत्तम सिनेमा म्हणून हाच पहिला आला. रिजेक्ट झालेल्या मालाचं याहून भारी काय होणार?

लिंचचं गणित असं, की जे नेहमीचं आणि छान दिसतं त्याखाली काहीतरी वळवळत असतं. ‘ब्लू व्हेलवेट’ (1986) सुरू होतो तो पांढरं कुंपण, लाल गुलाब आणि बागेला पाणी घालणारे काका दाखवून. काका कोसळतात, कॅमेरा गवतात शिरतो आणि खाली किड्यांचा नुसता बुजबुजाट! ‘मलहॉलंड’मध्ये तर भर दुपारी, लख्ख उन्हात, एका साध्या रेस्तराँमध्ये बसलेला माणूस मित्राला आपलं भयानक स्वप्न सांगतो. मग दोघं ते खोटं आहे याची खात्री करायला मागच्या बोळात जातात. बस्स. ना अंधार, ना करकरणारा दरवाजा. तरी आपल्या हाताला घाम!

माझ्या मित्राला मात्र तो सीन पाहवला नाही. तो उठून गॅलरीत गेला. परत आल्यावर म्हणाला, ‘अरे, मला आधीच वाटतंय की सगळं खोटं आहे. हा आणखी कशाला सांगतोय?’

मी गप्प. कारण लिंच नेमकं हेच करतो. आपल्या पायाखालची फरशी हलवून बघतो. आपलं सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हा त्यात थ्रिल असतं. फरशी आधीच निखळली असेल तर?

शनिवार : जार्मुश

दुसऱ्या दिवशी जरा हलकं काहीतरी म्हणून ‘पॅटरसन’ (2016) लावला. दिग्दर्शक जिम जार्मुश. पिकल्या केसांचा, न्यूयॉर्कच्या इंडी सिनेमातला जुना खेळाडू. त्याचं नाव झालं ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’मुळे (1984). ब्लॅक अँड व्हाइट. प्रत्येक सीन म्हणजे एकच शॉट, मग पडदा काळा, मग पुढचा सीन. तिघं जण न्यूयॉर्कहून क्लीव्हलंड आणि तिथून फ्लोरिडाला जातात. एवढा प्रवास करून, कडाक्याच्या थंडीत मोठ्या हौसेने प्रसिद्ध लेक एरी बघायला जावं, तर समोर नुसतं पांढरं धुकट! यालाच कानमध्ये पदार्पणाचा ‘कॅमेरा दोर’ मिळाला.

लिंचकडे घटनेखाली भुयार असतं. जार्मुशकडे घटनाच नसते. दोन घटनांच्या मधला वेळ हाच त्याचा सिनेमा. ‘नाइट ऑन अर्थ’मध्ये (1991) एकाच रात्री पाच शहरांतल्या पाच टॅक्सी. आपण कुठे पोहोचलो हे महत्त्वाचं नाही, टॅक्सीत काय बोललो ते महत्त्वाचं. ‘पॅटरसन’मधला हिरो बस चालवतो. रोज सकाळी तेच उठणं, तोच डबा, संध्याकाळी कुत्र्याला फिरवणं आणि मधल्या वेळात वहीत कविता. सोमवार ते सोमवार. मोठी दुर्घटना एकच, ती म्हणजे कुत्रा कवितांची वही फाडून तिच्या चिंध्या करतो. आणि तुम्हाला सांगतो, हे बघताना पोटात अक्षरशः खड्डा पडतो.

मित्राने हा शेवटपर्यंत पाहिला. आवडलाही. पण संपल्यावर शांतपणे म्हणाला, ‘याची नोकरी सेफ आहे, म्हणून कविता सुचतायत.’

बोलती बंद! जार्मुशचा मी फॅन आहे, पण या वाक्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. रोजच्या रुटीनमध्ये सौंदर्य दिसायला आधी रुटीन तर पाहिजे ना, बॉस?

रविवार : कौरिस्माकी

उरला फिनलंडचा आकी कौरिस्माकी. याच्या सिनेमात माणसांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. प्रेमात पडले तरी तसेच, नोकरी गेली तरी तसेच. संवाद मोजून-मापून. भिंती निळ्या-हिरव्या, सोफा लाल, रेडिओवर जुनं रॉक अँड रोल नाहीतर फिनिश टँगो. (हो, फिनलंडला टँगोचं वेड आहे!) सिनेमेही आटोपशीर. ‘फॉलन लीव्हज’ (2023) तर 81 मिनिटांत संपतो.

मी ‘ड्रिफ्टिंग क्लाउड्स’ (1996) लावला. नवरा हेलसिंकीत ट्राम चालवतो, बायको एका जुन्या रेस्तराँत हेड वेट्रेस. ट्राम कंपनीला माणसं कमी करायची असतात. कुणाला काढायचं? ड्रायव्हरांसमोर पत्ते धरतात. ज्याला वाईट पान, तो घरी. थोड्या दिवसांत बायकोचं रेस्तराँही बंद. हप्त्यांवर घेतलेला टीव्ही परत जातो. गाडी विकून आलेले पैसे नवरा जुगारात उडवतो.

पत्त्यांचा सीन आला आणि माझा मित्र उठून ताठ बसला. ‘हेच! एक्झॅक्टली हेच!’ आणि तीन दिवसांत पहिल्यांदा खो खो हसला. विनोदी काहीच नव्हतं. पण माणसाला काढून टाकण्याची पद्धत किती बिनडोक असू शकते, हे इतक्या सरळ चेहऱ्याने कुणी दाखवलं की हसूच येतं.

कौरिस्माकी दुःख विकत नाही. त्याची माणसं रडारड करत नाहीत, भाषण ठोकत नाहीत. कपडे नीट घालून पुन्हा काम शोधायला निघतात. या सिनेमात मुख्य भूमिका त्याचा लाडका नट मात्ती पेलोनपा करणार होता. तो 1995मध्ये अचानक गेला. सिनेमातल्या जोडप्याचं मूल वारलेलं असतं आणि घरात त्याचा फोटो असतो. तो फोटो पेलोनपाच्याच लहानपणाचा आहे! कुठेही गाजावाजा न करता मित्राला दिलेला हा निरोप. शेवटी नवरा-बायको स्वतःचं रेस्तराँ उघडतात. नाव काय, तर ‘काम’!

मग भारी कोण?

गंमत म्हणजे यातले दोघं एकमेकांचे दोस्त. कौरिस्माकीच्या ‘लेनिनग्राड काउबॉइज गो अमेरिका’मध्ये (1989) जार्मुश जुन्या गाड्या विकतो. जार्मुशच्या हेलसिंकीतल्या टॅक्सीचा ड्रायव्हर तोच पेलोनपा. आणि ‘फॉलन लीव्हज’मधलं जोडपं पहिल्या डेटला कोणता पिक्चर बघतं? जार्मुशचा झोम्बीपट! शो सुटल्यावर दोन प्रेक्षक गंभीर चेहऱ्याने त्याची तुलना ब्रेसाँ आणि गोदारशी करत बाहेर पडतात. तो सीन मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोट धरून हसलो होतो. नंतर लक्षात आलं, की पार्टीत लिंचचं नाव फेकणारा मी म्हणजे त्या दोघांतलाच एक.

लिंच जानेवारी 2025मध्ये गेला. जार्मुशला त्याच वर्षी ‘फादर मदर सिस्टर ब्रदर’साठी व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला. तिघांची क्रमवारी लावत बसायची माझी खाज मात्र त्या वीकएंडनंतर गेली. तिघंही विचित्र आहेत, पण तिघांचं काम वेगवेगळं. आपण झोपेत चालत असतो तेव्हा लिंच हलवून जागं करतो. धावत असतो तेव्हा जार्मुश बाकावर बसवतो. आणि पडलेले असतो तेव्हा कौरिस्माकी शेजारी येऊन बसतो, काही न बोलता. प्रश्न ‘भारी कोण’ हा नाहीच. आज रात्री आपली अवस्था काय आहे, हा आहे.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा मित्र गॅलरीत फोनवर होता. ‘बाबा, एक सांगायचं होतं...’ एवढंच ऐकू आलं. मी आत येऊन चहा टाकला. सिनेमामुळे त्याने फोन लावला असं काही मी म्हणणार नाही. पण आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनवर बोलत होता पठ्ठ्या!

पहिल्यांदा बघताय? इथून सुरू करा

लिंच : ‘द स्ट्रेट स्टोरी’ (1999). आजारी भावाला भेटायला म्हातारबुवा चक्क गवत कापायच्या गाडीवरून निघतात. सत्यकथा. डिस्नेचा सिनेमा. आईबाबांसोबतही बघता येईल!

जार्मुश : ‘नाइट ऑन अर्थ’. पाच गोष्टी आहेत, कंटाळलात तर पुढच्या टॅक्सीत बसा.

कौरिस्माकी : ‘फॉलन लीव्हज’. ऑफिसातून दमून आलात तरी जेवणाआधी संपेल.