लोणावळा हे औषध नाही!

"फार टेन्शन आलंय? चल, लोणावळ्याला जाऊन येऊ!" पुण्यातल्या कुठल्याही टीममध्ये हा रामबाण उपाय. मीही केला, लागोपाठ तीन वीकेंड. भुशी डॅम, कांदाभजी, टायगर पॉइंटचं धुकं, सगळं झालं. रविवारी परतताना कामशेत मागे पडलं की छातीत धडधड पुन्हा सुरू! रात्रीची झोप नाहीच.

मंडळी, सर्व्हर रोज हँग व्हायला लागला तर आपण नुसता रीस्टार्ट मारून घरी जातो का? लॉग उघडून बघतोच ना? मग स्वतःच्याच बाबतीत हा जुगाड कशाला?

गंमत म्हणजे ह्याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो ते चक्क प्रयोगशाळेत मोजायला घेतलं. आपण मात्र शंभर वर्षांनंतरही "फ्रेश वाटतंय यार" एवढ्यावर टेस्ट पास करतो!

कंपन्यांना तर हे सोयीचंच. आऊटिंगची एक बस काढली की झालं. पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की विमा कंपनीने मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच कव्हर द्यायचं. एचआरला विचारलंय कधी?

मी शेवटी डॉक्टर गाठला. वेडबिड काही लागलं नव्हतं. आजार होता, त्यावर उपचार होते. थेट जायची लाज वाटत असेल तर सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतसुद्धा.

लोणावळ्याला जरूर जा. पण भजी खायला!