टोपी आणि लुगडे
श्रीपूरच्या बाजारपेठेत पांढरी टोपी घातलेला एखादा वृद्ध शेतकरी दिसला, की १९३० च्या मे महिन्यातील आमचे जिल्ह्याचे शहर सोलापूर मनश्चक्षूंपुढे उभे राहते. कारण ज्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारून सरकारी अंमलदारांनी गांधी टोपीशीच वैर मांडले, त्याच सोलापुरात स्वातंत्र्यसैनिक तुळशीदास जाधवांनी बंदुकीच्या धाकापुढेही ती उतरविण्यास नकार दिला. वस्त्र केवळ देह झाकत नाही, धारण करणाऱ्याच्या वर्तनालाही ते वळण लावते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अचूक हेरले होते. म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांना त्यांनी अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव टाकून पायघोळ लुगडे नेसण्यास सांगितले, आणि त्या स्त्रियांनी तो उपदेश तत्काळ अमलात आणला, हे धैर्य मला त्या सत्याग्रहातील कोणत्याही ठरावाइतकेच थोर वाटते.